शोभा सिस्टरच्या चार तारा

"दुखनार हाये. मंग?"

जानेफळच्या आमच्या दवाखान्यात सुई टोचण्याआधी शोभा सिस्टर एवढंच बोलायच्या. बाकीच्या सिस्टर 'मुंगी चावल्यासारखं होईल', 'तो बघ कावळा' असं काहीबाही सांगून वेळ मारून नेतात. शोभा सिस्टरना ते पटायचं नाही. समोर पाच वर्षांचं पोर असो की मिशीला पीळ देणारा गडी, त्यांचं हेच वाक्य ठरलेलं. त्या 'मंग?'वर काय बोलावं ते कुणालाच सुचायचं नाही, आणि सुचेपर्यंत सुई आत जाऊन बाहेर आलेली असायची.

मी त्याच दवाखान्यात औषधांच्या खिडकीत बसायचो. आता बदली होऊन जळगाव जामोदला आलोय. परवा इथल्या एका लग्नात गाण्याच्या पार्टीतला पोरगा बेस गिटारच्या खुंट्या पिळताना दिसला आणि जेवणाच्या पंगतीतून उठून मी त्याच्यापाशी जाऊन उभा राहिलो. "कोणत्या नंबरच्या तारा लावल्यास रे?" असं विचारलं. माझ्यासारख्या गोळ्या मोजणाऱ्या माणसाला हा प्रश्न सुचावा याचं श्रेय शोभा सिस्टरना.

बेताची उंची, जाडसर आवाज आणि हात इतके लहान, की बांगड्या घ्यायला गेल्या तर कासारीण शाळेतल्या पोरींचं खोकं पुढे करायची. दिसेल त्या वस्तूवरची एक्सपायरी वाचायची त्यांना सवय होती. औषधांचं सोडा, कुणी बिस्किटाचा पुडा पुढे केला तरी आधी पुडा उलटा करायच्या. आणि 'उद्या' हा शब्द त्यांना चालायचा नाही. एका वस्तीवर एक म्हातारी नातवाला लस टोचू देईना. "उद्या या," म्हणाली. सिस्टर ओसरीवर बसल्या, म्हातारीच्या पुढ्यातलं सूप ओढलं आणि तिच्यासोबत तूर निवडायला लागल्या. लसीचं नाव काढलं नाही. म्हातारीच्या आजारपणाची, सुनेच्या माहेराची, सगळी विचारपूस झाली. तूर संपली तशा म्हणाल्या, "अजून काय निवडाचं हाये?" म्हातारीनं कपाळाला हात लावला. "टोच बाई त्याले! नाही त तू इथंच मुक्काम करशीन."

अशा बाईनं पन्नाशी ओलांडल्यावर बेस गिटार शिकायचं मनावर घेतलं, तेव्हा मी हसलो खरा, पण फार मोठ्यानं नाही हसलो.

त्यांचे चुलत दीर प्रल्हादभाऊ यांची गावात गायन पार्टी होती. जयंतीला, पावसाळ्यात विहारातल्या वर्षावासाला, लग्नाच्या आदल्या संध्याकाळी या पार्टीला आसपासच्या गावांतून बोलावणं यायचं. प्रल्हादभाऊंचा गळा असा, की माईक बंद पडला तरी चावडीपर्यंत शब्द कळावा. त्यांचा मुलगा नितीन पार्टीत बेस गिटार वाजवायचा. तो पुण्याला कंपनीत लागला. बापानं अडवलं, पोरगं थांबलं नाही, आणि तेव्हापासून दोघांचं बोलणं बंद झालं. गिटार विहाराच्या मागच्या खोलीत खिळ्याला टांगलेली राहिली. तिचं काम कीबोर्डवाला डाव्या हातानं उरकायचा. ऐकणाऱ्यांना फरक कळत नव्हता, सिस्टरना कळत होता.

"भाऊ, मी पोटावर नळकांडं ठेवून बाळाचे ठोके ऐकते," एकदा खिडकीशी उभ्या राहून त्या म्हणाल्या. "बाई बोलते, तिची सासू बोलते, बाहेर गाडी वाजते. त्या सगळ्याच्या खालून ठोका ऐका लागते. गान्यात बी तसंच. नितीन गेला अन् पार्टीचा ठोकाच गेला. मले ते वाजवाचं हाये."

हेच त्यांनी जाऊन प्रल्हादभाऊंना सांगितलं.

"वयनी, तुम्ही कोरसमंधी गा ना," प्रल्हादभाऊ म्हणाले. "गिटार लय जड राह्यते."

"लसीचा डबा घेऊन गावंच्या गावं पायी फिरते मी. तो उचलून पाह्यला का कधी?"

"तारा बोटं कापते."

"मंग?"

प्रल्हादभाऊ मोठ्या वहिनीला तोंडावर नाही म्हणणाऱ्यांतले नव्हते. त्यांनी अट घातली. जयंतीच्या कार्यक्रमात पार्टीबरोबर उभं राहून वाजवता आलं तर ठीक, नाहीतर गिटार मेहकरच्या दुसऱ्या पार्टीला देऊन टाकायची. अट कडक होती, पण मला त्यामागचं दुखणं दिसत होतं. त्या माणसाला मुलाची गिटार कुणाच्याच हातात बघवत नव्हती. सिस्टरनाही ते दिसत असणार. त्या गिटार काढून घेऊन घरी आल्या.

पहिलं काम तारांचं. खिळ्याला टांगून त्या गंजल्या होत्या. सिस्टरनी स्पिरिटचा बोळा फिरवला तर बोळा काळाकुट्ट झाला. "या तारा बोटात गेल्या त मले धनुर्वाताचं इंजेक्शन घ्या लागन," म्हणाल्या आणि मेहकरची बस धरली. ढोलक्या, पेट्या, टाळ विकणाऱ्या दुकानात त्यांना गिटारच्या तारांचं पाकीट मिळालं. दुकानदारानं "गिटारच्याच आहेत" अशी हमी दिली. सिस्टरनी एक्सपायरी विचारली, ती नव्हती. मग तारा किती ते विचारलं, तर सहा. "आमच्या गिटारले खुंट्या चार हायेत. बाकीच्या दोन काय कानात घालू?" असं सुनावून त्या रिकाम्या हातानं परत आल्या.

मग आम्ही मोबाईलला शरण गेलो. दुपारी रुग्णांची गर्दी ओसरली की सिस्टर माझ्या खिडकीशी स्टूल ओढायच्या आणि आम्ही दोघं शिकाऊ माणसानं बेसच्या तारा कशा निवडाव्यात याचे व्हिडिओ बघायचो. एक हिंदी बोलणारा केसाळ पोरगा छान समजावून सांगायचा, पण मध्येच त्याला वाजवायचा झटका यायचा आणि सांगणं राहून जायचं. त्याच्याकडून एवढं कळलं, की तारेवर वरून बारीक तारेचं वेटोळं असतं. ते गोल असेल तर तार खरखरीत लागते आणि आवाज मोकळा निघतो. वेटोळं चपटं असेल तर तार गुळगुळीत लागते आणि आवाज दबका येतो. नवशिक्याच्या बोटांना गुळगुळीत बरी, असं मी आपलं मत दिलं. सिस्टरनी डोळे मिटून दोन्ही आवाज ऐकले.

"गुळगुळीत तार बोटाले बरी हाये, पन पुटपुटते," म्हणाल्या. "जयंतीच्या गर्दीत पुटपुटलं त कोनाले ऐकू येईन? खरखरीत घेऊ."

राहिला नंबर. पोरगा म्हणाला, नवीन माणसानं हलका सेट घ्यावा, बारीक तारांचा. मागवायला बसलो तर तीन सेट समोर आले. एक चाळीसपासून सुरू होणारा, एक पंचेचाळीसपासून, एक पन्नासपासून. सिस्टरनी क्षणाचाही विचार केला नाही. "पन्नासचा घ्या. तो सगळ्यात बारीक." मीही मान डोलावली. का नाही डोलावणार? दोघांचा जन्म सुयांमध्ये गेलेला. चोवीस नंबरची सुई तान्ह्या बाळाची, अठरा नंबरची रक्त चढवायची. नंबर मोठा तशी सुई बारीक, हे आमच्या हाडीमासी खिळलेलं. तारांचा कायदा नेमका उलटा असेल असं आमच्या स्वप्नातही आलं नाही.

पाकीट आलं. सिस्टरनी दाखवलेली सगळ्यात जाड तार बघून मला विहिरीवरचा दोर आठवला. "बारीक अशी असते त जाड कशी असन?" एवढंच त्या म्हणाल्या. बदलून घेऊ म्हटलं, तर "फोडलेलं इंजेक्शन कोनी वापस घेते का?" असं उत्तर आलं. त्या दोरांवर त्यांचा रियाज सुरू झाला.

इथवरही निभावलं असतं, पण सिस्टरना वारसा आडवा आला. त्यांचं माहेर लोणारचं. वडील तिथल्या एका गायन पार्टीत तुणतुणं वाजवायचे. गाणाऱ्यानं सूर दिला, की वडील खुंटी पिळून तार त्याच सुरात आणायचे, हे लहानपणापासून बघितलेलं. आमच्याकडे गाणारा आपला सूर पेटीच्या पट्टीवरून सांगतो. प्रल्हादभाऊंची पट्टी काळी चार, म्हणजे पेटीवरची चौथी काळी पट्टी, चांगली उंच. गिटारची जाड तार मुळात या सुराच्या बरीच खाली लावायची असते. सिस्टरनी ती वडिलांसारखी पिळत पिळत काळी चारपर्यंत नेली आणि बाकीच्या तिन्ही तिच्या मागोमाग चढवल्या. आधीच जाड तारा, त्यात असा ताण. गिटारची मान हळूहळू वाकायला लागली आणि तारा पडद्यांपासून, म्हणजे मानेवरच्या ज्या आडव्या कड्यांवर तार दाबायची त्यांच्यापासून, उचलल्या गेल्या. एक स्वर दाबायचा तर दात आवळावे लागत. सिस्टरना वाटे, आपल्याच बोटांत दम नाही.

हिवाळाभर हे चाललं. डाव्या हाताच्या बोटांना फोड आले, फुटले, पुन्हा आले. त्या बोटांना पट्टी गुंडाळून त्या पोरांना लस टोचायच्या. मी म्हटलं, "सिस्टर, भीक नको पण कुत्रं आवर असं झालंय हे. सोडा ना." त्यांनी माझ्याकडे अशी नजर टाकली, की मी गुपचूप गोळ्या मोजायला लागलो. खरं सांगतो, मला तेव्हा त्यांची काळजी वाटत होती आणि रागही येत होता. माणसानं इतकं हट्टी असू नये, असं वाटायचं.

एका रविवारी दुपारी विहारात पार्टीची तालीम होती. स्पीकरचं खोकं माझ्या मोटरसायकलवरून न्यायचं होतं म्हणून मी गेलो. पहिलंच गाणं रंगात आलं आणि टणकन आवाज झाला. सगळ्यात पातळ तार तुटून सिस्टरच्या मनगटावर सपकन बसली. रक्त आलं. ढोलकी थांबली. सिस्टरनी पिशवीतून कापूस काढला आणि एका हातानं स्वतःचं मनगट बांधायला घेतलं. प्रल्हादभाऊ धावत आले, पण त्यांचं लक्ष मनगटाकडे नव्हतं. त्यांनी गिटार उचलून डोळ्यांसमोर आडवी धरली आणि वाकलेली मान बघितली.

"नितीनची गिटार हाये हे!" ते ओरडले. वर्षभरात त्यांच्या तोंडून मुलाचं नाव कुणी ऐकलं नव्हतं. "काय करून ठेवलं वयनी? बस झालं आता. मेहकरले फोन करतो मी."

"जयंती अजून आली नाही, भाऊजी," सिस्टर म्हणाल्या. त्यांचा आवाज चढला नाही. बांधलेल्या हातानं त्यांनी मोबाईल काढला आणि तिथंच, सगळ्यांसमोर, नितीनला व्हिडिओ कॉल लावला.

प्रल्हादभाऊ पाठ फिरवून उभे राहिले, पण बाहेर गेले नाहीत.

"जय भीम मोठी माय!" नितीन म्हणाला आणि गिटार बघून किंचाळला. "अवो, हे काय? गिटार हाये का धनुष्य?"

सिस्टरनी सगळं सांगितलं. ऐकता ऐकता तो हसायला लागला. "तारेचा नंबर मोठा म्हनजे तार जाड, मोठी माय. अन् तार गानाऱ्याच्या सुरात नाही लावत इथं. हे तुनतुनं नाही. तारा आपल्या ठरलेल्या सुरात राहू द्याच्या. बाबाची काळी चार पायजे ना? जाड तारेवर चवथ्या पडद्यावर बोट ठेव. झाली काळी चार. उद्या कोनी काळी दोनमंधी गायलं त बोट सरकव. तारेले काऊन छळून राह्यली?"

एवढे महिने फुटलेले फोड त्यांच्या डोळ्यांसमोरून गेले असतील. रडतात की काय, असं मला वाटलं. त्या हसल्या, पोट धरून हसल्या.

"म्हनजे तार तिच्या जागीच राह्यते. जाचं असते आपल्याले," डोळे पुसत त्या म्हणाल्या. "अन् मी तिलेच ओढून आनत होती."

फोन ठेवायच्या आधी भिंतीकडे तोंड करून उभ्या असलेल्या प्रल्हादभाऊंचा आवाज आला, "त्याले इचारा, जेवला का."

नितीननं ते ऐकलं. मग तो म्हणाला, "जेवलो बाबा." विहारात कुणी कुणाकडे बघितलं नाही. मेहकरला फोन त्या दिवशी झाला नाही, मात्र अट कायम राहिली.

तारा सैल केल्यावर मान बरीचशी सरळ झाली. उरलेला बाक नितीननं सांगितल्याप्रमाणे मानेच्या आतल्या सळईचा पेच फिरवल्यावर निघाला. या वेळी चाळीसचा सेट आला, खरोखरच बारीक. सिस्टरच्या लहान बोटांखाली तार पहिल्यांदाच मुकाट्यानं बसली. आता त्यांचा हात कुठेही चालायचा. लसीच्या डब्याच्या पट्ट्यावर, बसच्या दांडीवर, केसपेपरच्या गठ्ठ्यावर डाव्या हाताची बोटं सरकत असायची. पार्टीचं प्रत्येक गाणं त्यांनी नुसतं पाठ केलं नाही. काळी चारमध्ये जमलं की तेच गाणं वर घेऊन, खाली घेऊन वाजवायच्या. "एवढं कशाला? प्रल्हादभाऊ तर काळी चारच गातात," मी म्हटलं. "मानसाच्या गळ्याचं काय सांगता येते?" त्या म्हणाल्या.

जयंतीच्या दिवशी ऊन कलल्यावर चौकात कार्यक्रम सुरू झाला. निळे झेंडे, नव्या साड्या, खांद्यावर बसलेली पोरं, जिकडे तिकडे माणूस. सिस्टर पांढऱ्या साडीचा पदर खोचून स्टेजवर मागच्या ओळीत उभ्या होत्या. पहिली दोन-तीन गाणी नीट गेली. लोकांना बेस वेगळा ऐकू येत नव्हता, पण पाय हलत होते. मी स्टेजच्या कडेला सिस्टरच्या जवळच उभा होतो.

चौथं गाणं भरात असताना लाईट गेली.

माईक बंद, स्पीकर बंद. कीबोर्डवाल्यानं हात वर केले. जनरेटर सुरू होईना. पण प्रल्हादभाऊ थांबणारे नव्हते. ढोलकीवाल्याकडे बघून त्यांनी मान हलवली आणि उघड्या गळ्यानं गात राहिले. लोकांनी टाळ्यांचा ठेका धरला. विजेशिवाय बेस गिटार म्हणजे मुकी. तरी सिस्टर वाजवतच होत्या. समोरचे दोघे-तिघे त्यांच्याकडे बोट दाखवून हसले. मला, जवळ होतो म्हणून, तारांची बारीक खरखर तेवढी ऐकू येत होती. सिस्टरची नजर प्रल्हादभाऊंच्या पाठीवर होती आणि मान किंचित कलली होती, पोटावर नळकांडं ठेवल्यावर कलायची तशी.

गळा ताणून गाताना, आधाराला पेटी नसली की सूर हळूच घसरतो. गाणाऱ्याला ते कळत नाही. प्रल्हादभाऊंचाही घसरला. मला कळलं ते सिस्टरच्या बोटामुळं. चौथ्या पडद्यावरचं त्यांचं बोट तिसऱ्यावर आलं आणि तिथंच राहिलं.

मग लाईट आली. कीबोर्डवाल्यानं झटकन आपली नेहमीची काळी चार दाबली आणि पेटीत मांजर सापडल्यासारखा आवाज झाला. प्रल्हादभाऊ दचकले. शब्द अडखळला. गर्दीतून कुणीतरी हुर्यो केली. त्या गोंधळात खालून एक आवाज येत होता, शांत, जाडसर, बरोबर ठेक्यावर, आणि प्रल्हादभाऊंच्या गळ्याला धरून. त्यांनी तो ऐकला. मागे वळून सिस्टरकडे बघितलं. मग हात वर करून कीबोर्ड थांबवला आणि उरलेलं अख्खं गाणं ढोलकी आणि बेस, एवढ्यावरच म्हटलं. तसं गाणं मी त्यांच्या तोंडून पुन्हा ऐकलं नाही. माझ्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि ते पुसायचं मला सुचत नव्हतं.

कार्यक्रम संपल्यावर सिस्टर स्पिरिटच्या बोळ्यानं तारा पुसत होत्या. प्रल्हादभाऊ येऊन उभे राहिले. शाबासकी वगैरे काही नाही. वायर गुंडाळत म्हणाले, "वयनी, रविवारी लोणारले हाये आपल्याले. चारले गाडी निघते."

"हाव," सिस्टर म्हणाल्या.

माझ्या बदलीचा आदेश आला होता, सोमवारी जळगाव जामोदला हजर व्हायचं होतं. म्हणून रविवारी निरोप घ्यायला मी विहारापाशी गेलो. गाडी उभी होती. मागे दाटीवाटीनं पार्टी बसलेली, त्यात ढोलकी, स्पीकर, वायरींची भेंडोळी. प्रल्हादभाऊंनी ड्रायव्हरशेजारचं दार उघडून धरलं होतं.

"वयनी, तुम्ही पुढं बसा. मागं लय दाटी हाये."

सिस्टरनी गाडीच्या मागे जाऊन एक पाय फळीवर ठेवला आणि गिटार आधी वर दिली. "वाजवनारे सगळे मागं बसले, भाऊजी. मी काऊन पुढं बसू?" असं म्हणत त्या मागे चढल्या, गिटार दोन्ही गुडघ्यांत उभी धरली आणि ढोलकीवाल्याला म्हणाल्या, "सरक बावा जरा."